सी-१० पिक-अप, ५.३ इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा घोळ

८ मार्च २०२५, शनिवार

इंजिन फ्रेमवर बसलं, माउंट घट्ट झाले, रेडिएटरही लागला. त्याच्या मागे मात्र नुसतं भोक आहे. म्हणजे आता गिअरबॉक्सचं ठरवल्याशिवाय एक बोल्टही पुढे सरकणार नाही.

गाडी १९८६ ची शेव्हरोले सी-१०. टू-व्हील ड्राइव्ह, मागचा हौदा लांबवाला. मूळ इंजिन ४.३ लिटरचं व्ही-६ आणि त्यामागे ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आता आहे ते २००४ च्या सिल्व्हेराडोतलं ५.३ लिटरचं एलएम७, लोखंडी ब्लॉकचं. कारखान्यातून निघताना २९५ अश्वशक्ती आणि ३३५ पौंड-फूट टॉर्क. आतल्या कॅमला हात लावलेला नाही, लावणारही नाही.

रेस लावायची नाही. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला राहतो, ऑफिसला कधीमधी हीच गाडी न्यायची आहे. शिवाय खडी, माती, गवत कापायचं यंत्र असं काहीबाही ट्रेलरवर ओढायचं आहे. उन्हाळ्यात इथे पारा शंभर फॅरनहाइट ओलांडतो आणि हिल कंट्रीत, म्हणजे इथल्या डोंगराळ भागात, चढउतार आहेत. गिअरबॉक्सने या सगळ्यात कुरकुर करायची नाही, एवढीच अट.

जुना ७००आर४ चालू होता, तोच का नको? कारण त्याची केबल. त्या बॉक्समधला तेलाचा दाब इंजिनाच्या थ्रॉटलला जोडलेल्या केबलवर ठरतो. केबल थोडी सैल राहिली की दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि बॉक्स जळतो. माझ्या इंजिनाला थ्रॉटलची केबलच नाही, पेडलवरून सगळं वायरने जातं. पेडलपासून वेगळी केबल ओढायचे ब्रॅकेट मिळतात, पण गिअरबॉक्सचं आयुष्य ज्या केबलच्या मापावर अवलंबून आहे ती केबल जुगाडावर सोडायला माझं मन तयार नाही. ७००आर४ विकायला काढला.

१५ मार्च २०२५, शनिवार

नाशिकहून मेहुण्याचा फोन. त्याचं म्हणणं नेहमीचंच, "दाजी, मॅन्युअल टाका की. एक क्लच, एक प्रेशर प्लेट, विषय संपला." त्याला म्हटलं, माझा डावा गुडघा आणि तुझी बहीण या दोघांनाही विचारून बघ. विषय तिथे संपला.

उमेदवार चार.

टीएच४००. १९६४ पासूनचा, तीन गिअरचा, ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन सावकाश फिरवणारा वरचा गिअर) नाही, कन्व्हर्टरला (इंजिनाचा जोर तेलामार्फत बॉक्सला देणारा भाग) लॉक-अप, म्हणजे न घसरणारी थेट जोडणी, नाही. दणकटपणाबद्दल कुणाचंच दुमत नाही. संगणक नको, वायरिंग जवळपास नको. पण हायवेवर इंजिन सतत ओरडत राहणार आणि लॉक-अप नसल्याने कन्व्हर्टर कायम थोडा घसरत राहणार. घसरणं म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे तेल जळणं. ड्रॅग स्ट्रिपवर हे चालतं, ट्रेलर घेऊन फ्रेडरिक्सबर्गला जाताना नाही.

६एल८०. सहा गिअर, पहिल्याचं गुणोत्तर ४.०३ आणि सहाव्याचं ०.६७. कागदावर सगळ्यात सुंदर. पण त्याचा कंट्रोलर बॉक्सच्या आत, तेलात बुडालेला असतो आणि तो नव्या पिढीच्या इंजिन संगणकाशीच बोलतो. माझ्या एलएम७ च्या संगणकाला त्याची भाषा येत नाही. म्हणजे एक वेगळा कंट्रोलर घ्या, मग त्या दोघांचं जमवा. जे बिघडल्यावर मला रस्त्याच्या कडेला तपासता येणार नाही ते नको. बाद.

४एल६०-ई. माझ्या इंजिनामागे मुळात हाच होता. ७००आर४ चाच इलेक्ट्रॉनिक अवतार, गिअरचं गुणोत्तर तेच: ३.०६, १.६३, १.००, ०.७०. हलका, आखूड, स्वस्त, यार्डात ढिगाने. इथे खरा मोह होता, कारण माझ्या पीसीएममध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स चालवणारा संगणक) त्याचा प्रोग्राम आधीच आहे आणि तो जवळपास तसाच्या तसा बसला असता. पण त्याच्या दोन दुखऱ्या जागा जगजाहीर आहेत. एक म्हणजे ३-४ क्लचचा संच: जागा कमी, प्लेटा पातळ, ओझं ओढताना तिसऱ्या-चौथ्यात हाच आधी जातो. दुसरी म्हणजे सन शेल, म्हणजे आतल्या गिअरसंचाला फिरवणारी पत्र्याची वाटी. तिचे दाते झिजले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात. दोन्हींना बाजारात चांगले सुटे भाग आहेत. मात्र ते घालायचे म्हणजे बॉक्स पूर्ण उघडणं आलं, आणि मग तो स्वस्तही राहत नाही. त्याची टॉर्कची मर्यादा साडेतीनशेच्या आसपास; माझं इंजिन ३३५ वर. ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हे चालेल, ट्रेलरवाल्या गाडीला काठावर आहे.

४एल८०-ई. १९९१ पासूनचा. टीएच४०० चंच पोट, पुढे ओव्हरड्राइव्ह जोडलेला, वरून इलेक्ट्रॉनिक ताबा. २.४८, १.४८, १.००, ०.७५. इंजिनाकडून ४४० पौंड-फूटपर्यंत सोसतो. पाऊण टन आणि एक टनाच्या व्हॅन, पिक-अप, सबर्बन यांत कंपनीने हाच दिला. तोटे: ४एल६०-ई पेक्षा सुमारे ८० पौंडांनी जड, लांब, आणि फिरायला स्वतःच जास्त ताकद खातो. मायलेजचा एखादा मैल जाईल. जाऊ दे.

मन इकडेच झुकतंय, पण पहिला गिअर २.४८ चा आहे हे आकडे मांडून बघायला हवं.

२२ मार्च २०२५, शनिवार

मागचा ॲक्सल ३.०८ चा आहे, म्हणजे शाफ्टचे ३.०८ फेरे झाले की चाकाचा एक. टायर २३५/७०आर१५, व्यास साधारण २८ इंच. या टायरला हिशोब सोपा पडतो: ताशी मैल गुणिले ॲक्सलचं गुणोत्तर गुणिले १२, म्हणजे थेट (१.०० च्या) गिअरमधले आरपीएम.

आधी सुरुवातीचा जोर. पहिला गिअर गुणिले ॲक्सल:
४एल६०-ई आणि ३.०८: ९.४२.
४एल८०-ई आणि ३.०८: ७.६४. ट्रेलर घेऊन चढावर उभं राहिलो तर कन्व्हर्टर नुसता तेल घुसळत बसेल.
४एल८०-ई आणि ३.७३: ९.२५. जुन्या जोराच्या जवळ आलो.

मग हायवे, ताशी ६५ मैलांना:
टीएच४०० आणि ३.०८: २४०० आरपीएम. ऐकायला वाईट नाही, पण पहिल्या गिअरचा जोर पुन्हा ७.६४ वर. तो सुधारायला ३.७३ घातला तर हायवेला २९०० च्या वर. दोन्हीकडून मार.
४एल८०-ई आणि ३.७३: चौथ्यात (०.७५) २१८०. ५.३ ला हा आकडा मानवतो.

म्हणजे हा बॉक्स ॲक्सलसकट निवडायचा, एकटा नाही. ३.७३ ची क्राउन-पिनियन मागवली. साडेआठ इंची टेन-बोल्ट ॲक्सलला २.७३ पासून वरच्या सगळ्या गुणोत्तरांना तीच केज (क्राउन गिअर जिच्यावर बसतो ती) चालते, त्यामुळे आतला खर्च वाचला. बॅकलॅश (दात्यांमधली फट) आणि पिनियनचं शिमिंग (पातळ चकत्या घालून माप जुळवणं) मी करणार नाही, ते रोज करणाऱ्या माणसाकडे दिलं.

३० मार्च २०२५, रविवार

पाडवा. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि दुपारी यार्डात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, लोक सोनं घेतात. तू भंगार घे." मुहूर्त वाया गेला नाही एवढं खरं.

यार्डात दोन ४एल८०-ई सापडले. पहिला एका २५०० पिक-अपखाली, मागे गूजनेकचा हुक. बाहेरून स्वच्छ, कुणीतरी नुकताच धुतलेला. धुतलेल्या बॉक्सचा मला संशय येतो. पॅनचे बोल्ट सोडले, तेल तपकिरी, जळक्या वासाचं. पॅनच्या तळाशी बोट फिरवलं तर पिवळसर चकाकणारे कण बोटाला चिकटले. पितळ. म्हणजे आतला एखादा बुश नाहीतर वॉशर खाल्ला जातोय. पॅन परत लावला आणि निघालो.

दुसरा २००६ च्या एक्सप्रेस व्हॅनमधला, ६.० लिटरच्या इंजिनामागचा. बाहेरून धुळीने आणि इंजिन ऑइलने माखलेला, म्हणजे बऱ्याच वर्षांत कुणी खोललेला नाही. पॅनच्या चुंबकावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप. बोटांत चोळला तर कुठे खरखर नाही. हा लेप क्लचच्या नेहमीच्या झिजेचा, प्रत्येक वापरलेल्या बॉक्समध्ये असतो. तेल काळपट लाल, वास तेलाचाच. कन्व्हर्टरच्या बाजूने इनपुट शाफ्ट हलवून बघितला, खेळ नाही.

रिबिल्ट घ्यावा का, हा प्रश्न डोक्यात होताच. माझं मत असं झालंय की कुणी आणि कसा बांधला हे माहीत नसलेल्या रिबिल्टपेक्षा कधीच न उघडलेला, पॅन स्वच्छ असलेला कारखान्याचा बॉक्स बरा. चांगला कारागीर ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी.

१९९७ नंतरचाच हवा होता, हेही आधीच ठरवलेलं. त्या वर्षापासून कूलरकडून परत येणाऱ्या तेलाची वाट केसच्या मागच्या भागात नेली आणि मागच्या बेअरिंगांना थंड तेल आधी मिळू लागलं. शिवाय एलएस इंजिनामागून (माझं एलएम७ याच कुळातलं) आलेल्या बॉक्सच्या बेलहाउसिंगला, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाला, वरचं मधलं भोक असतं. जुन्या केसला ते नसतं; तरी बसते, पण एक बोल्ट कमी.

बॉक्सबरोबर काय काय काढून आणलं ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल: सपाट फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी तबकडी), क्रँकमागचा स्पेसर, डिपस्टिक आणि तिची नळी, मुख्य कनेक्टर फूटभर वायरसकट, दोन्ही स्पीड सेन्सरचे कनेक्टर, शाफ्टचा पुढचा योक. योक महत्त्वाचा. ४एल८०-ई ला ३२ स्प्लाइनचा (आतल्या खाचांचा) लागतो, माझा जुना २७ चा आहे.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

बॉक्स बाकावर. शेजारचे आजोबा आयुष्यभर ट्रान्समिशनच्या दुकानात होते, ते खुर्ची घेऊन येऊन बसले. हात लावत नाहीत, फक्त चूक होणार असेल तेव्हा खाकरतात.

आतला वायरिंग हार्नेस नवा. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून या हार्नेसचं प्लास्टिक कडक होतं आणि कनेक्टरपाशी तेल झिरपतं. प्रेशर स्विच मॅनिफोल्ड नवा. गिअर लिव्हर कुठे आहे हे तो संगणकाला सांगतो आणि तो बिघडला की पी१८१० कोड येऊन शिफ्ट कडक होतात. भाग स्वस्त आहे आणि पॅन उघडाच आहे, मग जुना परत लावण्यात अर्थ नाही. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेचे व्हॉल्व्ह) मीटरवर २० ते ३० ओहमच्या दरम्यान दाखवतात, ते ठेवले. फिल्टर, पुढचं सील, मागचं सील, लिव्हरच्या शाफ्टचं सील नवं.

टॉर्क कन्व्हर्टर बदलला. जुना चांगला असेलही, पण तो वेल्ड केलेला असल्याने आत बघता येत नाही, आणि त्याच्यातला गाळ पहिल्याच दिवशी नव्या फिल्टरमध्ये जाणार. मूळच्याच मापाचा रिमॅन्युफॅक्चर्ड घेतला. जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, घ्या म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. ट्रेलर ओढायचाय, जास्त स्टॉल म्हणजे जास्त घसरणं.

२६ एप्रिल २०२५, शनिवार

जोडणी. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट नवे, स्पेसरमुळे लांब. तीन टप्प्यांत १५, ३७, ७४ पौंड-फूट.

कन्व्हर्टर बसवणं हे या सगळ्या कामातलं सर्वात नाजूक. बॉक्स थोडा उभा धरायचा, कन्व्हर्टर हलकेच दाबत फिरवायचा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर एकदा खट्ट होतं, स्टेटरच्या नळीवर एकदा, आणि शेवटी पंपाच्या दातांत. पंपात बसला नसताना बोल्टांनी इंजिनाकडे ओढून घेतला तर पंप फुटतो, बॉक्स एक मैलही न चालता संपतो. म्हणून खूण एकच: बेलहाउसिंग इंजिनाला हाताने, पान्याशिवाय, पूर्ण टेकलं पाहिजे. मग कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटकडे पुढे ओढून अंतर मोजायचं. १/१६ ते ३/१६ इंचाच्या आत हवं. १/८ मिळालं. आजोबा खाकरले नाहीत.

क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारा फ्रेमचा आडवा दांडा) मागे न्यावा लागला. ७००आर४ चा माउंट बेलहाउसिंगपासून साडेबावीस इंचांवर होता, याचा तीसच्या पुढे. फ्रेमला नवी भोकं. शाफ्ट मोजून कापायला आणि बॅलन्सिंगला दिला.

१० मे २०२५, शनिवार

वायरिंग. हा भाग कंटाळवाणा आहे, मुद्द्याचं तेवढंच.

४एल६०-ई ला एकच स्पीड सेन्सर, ४एल८०-ई ला दोन: एक आत येणाऱ्या वेगाचा, एक बाहेर जाणाऱ्या. आतल्या सेन्सरच्या दोन वायरी पीसीएमपर्यंत नव्या ओढल्या. पीसीएममध्ये ट्रान्समिशनचा भाग ४एल८०-ई चा लिहून घेतला, ॲक्सल ३.७३ आणि टायरचा घेर भरला. हा घेर चुकला तर शिफ्ट चुकीच्या वेगाला होतात आणि माणूस बॉक्सला दोष देत बसतो.

१९८६ चं मीटर केबलवर चालतं आणि या बॉक्सला केबलची जागाच नाही. सेन्सरची खूण घेऊन मोटरने केबल फिरवणारी डबी मिळते, ती डॅशच्या खाली बसवली. जुना डॅश तसाच राहिला.

वीज जोडायच्या आधी एक चाचणी, मागची चाकं स्टँडवर ठेवून. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद असले की हा बॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये राहतो आणि दाबाच्या सोलेनॉइडला करंट नसेल तर तेलाचा दाब सगळ्यात जास्त असतो. ४एल६०-ई अशा वेळी तिसऱ्यात राहतो. म्हणजे रस्त्यात वायर तुटली तरी मी दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण दाबाने, क्लच न जाळता घरी येऊ शकतो. माझ्या हिशोबात भरवशाचा अर्थ हाच. कनेक्टर काढून डी मध्ये टाकला, चाकं फिरली, रिव्हर्स, फिरली. बॉक्सचं पोट ठीक आहे हे संगणकाला मध्ये न घेता कळलं.

१७ मे २०२५, शनिवार

कूलर. रेडिएटरमधला छोटा कूलर आहेच, त्याच्यापुढे प्लेटांचा मोठा कूलर ओळीत लावला. एक्झॉस्टच्या जवळून रबरी नळी अजिबात नाही, तिथे ३/८ इंची स्टीलची लाइन.

केसवरचं पुढचं फिटिंग म्हणजे बाहेर जाणारं गरम तेल, मागचं म्हणजे परत येणारं. उलटं जोडलं तर मागच्या भागाचं तेल तुटतं, म्हणून तपासूनच पुढे जायचं. परतीची लाइन सोडून बादलीत धरली, इंजिन न्यूट्रलला. वीस सेकंदांत किमान एक क्वार्ट तेल पडलं पाहिजे. सव्वा पडलं, तेही एकसारख्या धारेने. लाइन जोडली, पडलं तेवढं डेक्सरॉन-६ (गिअरबॉक्सचं तेल) पुन्हा भरलं. रिकाम्या बॉक्सला, कन्व्हर्टर धरून, तेरा-चौदा क्वार्ट जातं. पातळी तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघायची.

२६ मे २०२५, सोमवार

मेमोरियल डे, रस्ते मोकळे. पहिली खरी फेरी.

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ठसका बसतो, दाब जास्त वाटतोय. व्हॅनच्या वजनासाठी लिहिलेले आकडे रिकाम्या सी-१० ला जड जातात. हलक्या पेडलवरचा दाब थोडा उतरवला, जोरातल्या पेडलवरचा तसाच ठेवला. शिफ्ट लोण्यासारखी मऊ करायच्या नादात क्लच घसरत ठेवायचा नाही. थोडा ठसका मला चालतो, बायकोला चालत नाही. तडजोड तिच्या बाजूने जरा जास्त झाली.

लॉक-अप ४५ मैलांच्या वर लागतं, पेडल दाबलं की सुटतं. चढावर तिसरा-चौथा-तिसरा असा घोटाळा होत होता, म्हणून चौथ्यात जाण्याचा वेग वाढवला. ट्रेलर असताना लिव्हर सरळ तिसऱ्यात ठेवायचा.

१४ जून २०२५, शनिवार

हायवे २९० ने जॉन्सन सिटीमार्गे फ्रेडरिक्सबर्ग, ऐंशीएक मैल, मागे खडीचा ट्रेलर साडेतीन हजार पौंडांच्या घरात. बाहेर ९८ फॅरनहाइट.

सपाटीवर तेल १७५ ते १८०. लांब चढावर, तिसऱ्यात लॉक-अप लावून, १९४ पर्यंत. तोच चढ लॉक-अप बंद ठेवून मुद्दाम करून बघितला: वर पोचेपर्यंत २११ आणि अजून चढतच होतं. ट्रेलरसाठी वेगळा प्रोग्राम लिहिला, त्यात तिसऱ्यातलं लॉक-अप लवकर लागतं. २२० ला डॅशवरचा दिवा लागेल अशी वायर टाकली.

फ्रेडरिक्सबर्गला पीच घेतले, खडी उतरवली. परतीला रिकामा ट्रेलर, काहीच सांगण्यासारखं नाही.

२१ जून २०२५, शनिवार

लिव्हरच्या शाफ्टच्या सीलपाशी तेलाचा एक थेंब लटकलेला दिसला. नवं सील थोडं आत ठोकून बसवलं, खाली पुठ्ठा ठेवलाय. मीटर ६५ ला ६८ दाखवतंय, डबीचा स्विच बदलून बघायचा आहे. पहिल्या हजार मैलांनंतर पॅन उतरवून चुंबक पुसायचा, फिल्टर बदलायचा. तोपर्यंत पुढच्या ब्रेकचं काम सुरू: इतकं वजन ओढायचं तर जुने कॅलिपर पुरणार नाहीत.